रणातले पांढरे मीठ आणि भाड्याने आणलेला कॅलिब्रेटर

कच्छमधील धोरडोजवळच्या पांढऱ्या रणात, म्हणजे मिठाच्या वाळवंटात, काढलेली छायाचित्रे घरी बसून तयार केली आणि नातेवाइकांना पाठवली, तेव्हा पुण्याच्या मावशीने फोन करून विचारले, "अगं, मीठ पांढरं असतं ना? मग तुझ्या फोटोत असं पिवळट, मळकं का दिसतंय?" माझ्या मॉनिटरवर ते मीठ स्वच्छ पांढरे दिसत होते आणि संध्याकाळच्या सावल्या फिकट निळ्या दिसत होत्या, म्हणून तिच्या फोनमध्ये दोष असावा असे मी गृहीत धरले. पुढे आणखी चार फोनांवर तीच चित्रे तशीच पिवळट दिसली, तेव्हा दोष माझ्याच टेबलावर आहे हे मान्य करावे लागले. बडोद्यात रावपुऱ्यातील एका कॅमेऱ्याच्या दुकानात मॉनिटरचे रंग मोजून जुळवण्याचे उपकरण, म्हणजे कलरीमीटर किंवा कॅलिब्रेटर, भाड्याने मिळते असे कळले. ते मी दोन दिवसांसाठी आणले, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

दोन दिवसांचे भाडे ६०० रुपये आणि अनामत ३,००० रुपये होती. उपकरण स्वच्छ होते, भिंगावर ओरखडा नव्हता आणि सोबतची वायर धड होती. काउंटरवरच्या मुलाने ते पडद्यावर कसे टेकवायचे आणि त्याचे वजन मॉनिटरमागे कसे सोडायचे हे नीट करून दाखवले. मात्र मोजणीपूर्वी मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवावा, रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करावी आणि पडद्यावर खिडकीचा उजेड पडू देऊ नये, या तिन्ही गोष्टी त्याने सांगितल्या नाहीत. त्या ठाऊक नसलेल्या ग्राहकाची पहिली मोजणी वाया जाण्याचा संभव आहे. एका कागदावर छापून दिल्या तरी पुरे.

घरी मोजणी केली आणि मावशीच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले. माझ्या मॉनिटरचा पांढरा रंग ७,८०० केल्विनच्या आसपास होता (या एककात आकडा जितका मोठा, तितका पांढरा निळसर), म्हणजे आंतरजालावरील चित्रांसाठी प्रमाण मानलेल्या ६,५०० केल्विनपेक्षा बराच निळा. आणि उजळपणा प्रति चौरस मीटर २८० कँडेला होता, जो घरातल्या मंद उजेडात चित्रे तपासण्यासाठी साधारण १०० ते १२० असावा. निळ्या पडद्यावर पांढरे मीठ मला निळे दिसे, म्हणून मी चित्रात पिवळा वाढवत होते. आणि पडदा प्रखर असल्यामुळे चित्र फार उजळ वाटून मी ते गडद करत होते. दुसऱ्याच्या बऱ्यापैकी जुळवलेल्या फोनवर माझ्या या दोन्ही दुरुस्त्या उघड्या पडत होत्या. पिवळट आणि मळके हे मावशीचे दोन्ही शब्द तंतोतंत बरोबर होते.

वाळवंटाच्या छायाचित्रात ही चूक इतर कोणत्याही चित्रापेक्षा जास्त खुपते, कारण तिथे डोळ्यांना आधार द्यायला झाड, घर किंवा माणसाची त्वचा नसते. चौकटीचा अर्धा भाग मीठ आणि अर्धा आकाश असते, आणि दोन्हींतले रंग फार हलक्या फरकांचे असतात. सूर्य मावळल्यावर पूर्वेकडे पृथ्वीची निळसर करडी सावली वर चढते आणि तिच्या डोक्यावर गुलाबी पट्टा दिसतो. तो गुलाबी मिठावरही उतरतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, त्याला दोष समजून पुसू पाहतो, आणि कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालत असल्याने मीठच करडे करतो, म्हणून तिथे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश द्यावा लागतो. हे सगळे सांभाळून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, घेतली तरी चुकीच्या पडद्यासमोर बसून तो गुलाबी ओळखताच येत नाही. कॅलिब्रेशननंतर जुन्या फाइल पुन्हा उघडल्या, तेव्हा जो रंग मी तीन वर्षे खोटा समजून खोडत होते तो तिथे होता. याच गोष्टीसाठी मला ही सेवा मोलाची वाटते.

दुकानात मात्र एक गोष्ट चुकीची सांगितली गेली. "एकदा कॅलिब्रेट केलं की सगळ्या फोनवर फोटो सारखाच दिसेल," असे मला खात्रीने सांगण्यात आले. कॅलिब्रेटर फक्त आपला पडदा ठाऊक असलेल्या स्थितीत आणतो आणि त्याचे वर्णन करणारे प्रोफाइल तयार करतो. समोरच्याचा फोन तो दुरुस्त करू शकत नाही. पाठवताना आपल्या हातात उरते ते फाइलचे रंगक्षेत्र, म्हणजे तिच्यात कोणते रंग मावतात याची ठरलेली चौकट. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेले एसआरजीबी हे आजही आंतरजालाचे सामाईक रंगक्षेत्र आहे. अ‍ॅडोब आरजीबी किंवा त्याहून विस्तृत प्रोफोटो आरजीबीमध्ये काम करून फाइल तशीच पाठवली आणि वाटेत तिचे रंगक्षेत्र सांगणारे प्रोफाइल गळले, तर पाहणारे यंत्र तिला एसआरजीबी समजून दाखवते आणि वाळूचा तांबूस रंग राखेसारखा होतो. माझ्या दुसऱ्या एका मालिकेचे, जैसलमेरजवळच्या समच्या टेकड्यांचे, नेमके हेच झाले होते आणि त्यात मॉनिटरचा काही दोष नव्हता.

म्हणून एक्सपोर्ट करताना एसआरजीबीमध्ये रूपांतर करून प्रोफाइल फाइलमध्येच ठेवावे. ते अवघे काही किलोबाइटचे असते. रूपांतरातही सूर्यास्ताचे भडक नारिंगी एसआरजीबीच्या सीमेबाहेर जातात आणि तिथे कापले जाऊन वाळूवरच्या लाटा सपाट होतात. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलबाबत ‘परसेप्च्युअल’ (सीमेबाहेरचे रंग न कापता सगळे रंग थोडे आकसून आत बसवणारा) पर्याय निवडूनही बहुधा फरक पडत नाही, कारण त्या साध्या प्रोफाइलमध्ये त्यासाठी लागणारा तक्ताच नसतो. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे रूपांतरानंतर चित्र कसे दिसेल ते आधीच दाखवणारी सोय, लावून नारिंगीची तीव्रता हाताने थोडी उतरवणे हाच खरा उपाय आहे, आणि तो विश्वासू पडद्यासमोर बसूनच करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. एरवी फाइल आकसते आणि रणाच्या मोकळ्या आकाशात पट्टे उमटतात.

विकत घ्यावे की भाड्याने आणावे, याबाबत माझे मत भाड्याच्या बाजूचे आहे. मॉनिटर हळूहळू बदलत असतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी मोजणी करणे इष्ट; पण माझ्यासारख्या हौशी माणसाचे नेमके काम थंडीच्या मोसमातच असते. उपकरणासोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना दुकानाच्या संगणकाशी बांधलेला निघाला, ही गैरसोय पहिल्या संध्याकाळी माझे दोन तास घेऊन गेली. शेवटी ग्रॅम गिल यांच्या आर्गिल सीएमएस या मोफत सॉफ्टवेअरवर काम झाले आणि निकाल उत्तम आला, तरी हे आधी सांगणे दुकानाचे कर्तव्य होते. अनामत मात्र उपकरण तपासून पाच मिनिटांत पूर्ण परत मिळाली.

दुकानात असे एकच उपकरण आहे. पावसाचे पाणी आटून रण पांढरे होते आणि सयाजीनगरी एक्सप्रेस भुजकडे जाणाऱ्या प्रवाशांनी भरू लागते, त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या काळात आठवडाभर आधी सांगून ठेवलेले बरे. डिसेंबरच्या पौर्णिमेहून परतल्यावरच्या शनिवारसाठी मी माझे नाव लिहून आले आहे.