हाडं ठीक, सांधे बोगस (प्लास्टिकचा सांगाडा, ८५ सेमी)

भाची यंदा फिजिओथेरपीच्या फर्स्ट इयरला लागली आणि कॉलेज इंदूरलाच म्हणून मुक्काम आमच्याकडे, तर तिच्यासाठी ऑनलाइन हा सांगाडा मागवला, स्टँडसकट २४०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, फोटोत सगळेच एका साच्यातले दिसतात.

मणके मात्र झकास आहेत हां. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, बोटाने मोजता येतात. बरगड्यांच्या १२ जोड्या, त्यातल्या खालच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, तेही बरोबर. पण खोक्यावर २०६ हाडं छापलंय ती शुद्ध थाप. कवटीत खरी २२ हाडं असतात, इथे एक डबा, वर झाकण आणि खाली जबडा. कानातली सहा बारकी हाडं नाहीतच (त्यातलं सगळ्यात छोटं ३ मिलिमीटरच्या आसपास, ते २४०० मध्ये कोण देतंय म्हणा) आणि जिभेखालचं हायॉइड, जे दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, ते पण गायब.

खरी बोंब सांध्यांची आहे. खांद्याची उखळ उथळ असते म्हणून हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच पटकन निखळतोही, खुब्याची खोल असते, पण इथे दोन्हीकडे तोच स्क्रू न तीच स्प्रिंग. कोपराखालची दोन हाडं तर चक्क एकमेकांना चिकटवून टाकलीत. तुम्ही आत्ता कोपर टेबलावर टेकवा, तळहात उताणा धरा आणि पालथा करा, अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं, दुसऱ्या हाताने चाचपलं की कळतं. भाचीला नेमकं तेच समजून घ्यायचं होतं आणि हा बुवा हात लोंबकळत ठेवून ढिम्म उभा. गुडघा मात्र पुढेही वाकतो!

तिसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी निघून सोफ्याखाली गेली. आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले, त्यांनीच ती शोधून काढली आणि म्हणाल्या, "अगं, ही नुसती चिकटवलेली असते होय?" भाची म्हणाली, "नाही हो आजी, खरी वाटी मांडीच्या स्नायूच्या दोरीत ओवलेली असते, पाय वाकवला की हाडावरून घसरते." मग दोघी पाय लांब करून, मांडी ढिली सोडून आपापली वाटी बोटाने डावीउजवीकडे हलवत बसल्या, ते फुकटात झालं.

नुसती नावं पाठ करायची असतील तर खजुरी बाजारातून हाडांचा चार्ट आणा, काम भागतं. सांधे शिकायचे तर हा नका घेऊ. पाचपैकी दोन स्टार, तेही मणक्यांचे.

रिटर्नची तारीख निघून गेली म्हणून वाटी मीच फेविक्विकने बसवली, आता तो पाय वाकतच नाही.