महाडीबीटी की सेंट्रल सेक्टर? बारावीनंतर एकच अर्ज भरायचा असेल तर

साताऱ्यात बीए, बीकॉम, बीएस्सीला प्रवेश झाला की घरोघरी एक चर्चा सुरू होते. महाडीबीटीवरची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात ती घ्यायची, की एनएसपी या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची केंद्र सरकारची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती? दोन्ही एकदम चालत नाहीत. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेणाऱ्याला सेंट्रल सेक्टर मिळत नाही, असा नियमच आहे. मी बीएस्सीला असताना हा निर्णय घेतलाय, तेवढ्या अधिकाराने लिहितोय. मी खुल्या गटातला. इतर प्रवर्गांच्या योजनांचा हिशेब वेगळा आणि बऱ्याचदा जास्त फायद्याचा असतो, तो आधी बघा.

ईबीसीला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. ऐकायला छान वाटतं, पण निम्मा कशाचा? अनुदानित तुकडीत बीएस्सीची फीच मुळात बेताची. तिच्यातल्या फक्त शिक्षण शुल्काचं निम्मं काढलं तर हातात येणारी रक्कम पोवई नाक्यावरच्या एखाद्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडंही भागवेल असं मला वाटत नाही. सेंट्रल सेक्टरचे वर्षाला 12,000 मिळतात, पदवीची तिन्ही वर्षं. मेसचं बिल, एसटीचा पास, जर्नलं यांतलं बरंच त्यात निघतं. मात्र उत्पन्न 4.5 लाखांच्या आत हवं आणि बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 टक्के मुलांत नाव हवं. जागा विज्ञान, वाणिज्य, कला यांत 3:2:1 अशा वाटलेल्या असतात आणि निम्म्या मुलींसाठी असतात, त्यामुळे प्रत्येक शाखेची यादी वेगळ्या गुणांवर थांबते. तेव्हा विज्ञानवाल्या मित्राचं झालं नाही म्हणून कलाशाखेच्या मुलीने अर्जच न भरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पण माझा निर्णय रकमेवर झाला नाही. तो झाला चुलतबहिणीच्या फीच्या पावतीवर.

ती इंजिनिअरिंगला होती, ईबीसी घेतलेली. कॉलेजचं नाव घेत नाही. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी भरून घेतली, "शिष्यवृत्ती जमा झाली की तुमची तुम्हाला परत." काकांनी पतसंस्थेतून उचल केली. पुढे पोर्टलवर रक्कम वितरित झालेली दिसायला लागली आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. अकाउंट्सची खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी जेमतेम तासभर उघडी. कधी "यादी आलेली नाही", कधी "यादी आलीय, साहेबांची सही व्हायचीय". शेवटी मूळ पावती मागितली. ती कार्बनची, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून ठेवून अक्षरं पुसट झालेली. आकडा दिसत नाही म्हणून परत अर्ज, परत सही. पैसे मिळाले, बुडाले नाहीत. पण तोवर पतसंस्थेचं व्याज काकांनीच भरलं. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. शिष्यवृत्तीचा वाटा वगळून फी घेणारी कॉलेजंही आहेत. तरी त्या खिडकीपुढे उभा असतानाच माझं ठरलं: जो पैसा थेट माझ्या खात्यात येतो, तोच बरा.

अर्थात सेंट्रल सेक्टर फुकट सांभाळली जात नाही. दरवर्षी नूतनीकरण असतं आणि त्याला 50 टक्के गुण नि 75 टक्के हजेरी लागते. गावची जत्रा, भाताची लावणी, मित्राच्या बहिणीचं लग्न असं सगळं करून वर 75 टक्के राखणं जावळीतल्या पोरांना अवघडच जातं.

आणखी एक गोष्ट माझ्या मते तराजू झुकवते. सेंट्रल सेक्टरचा नवा अर्ज फक्त पदवीच्या पहिल्या वर्षात होतो. तो हुकला की पुढच्या वर्षी दार बंद. ईबीसीचं तसं नाही, दुसऱ्या वर्षीही अर्ज टाकता येतो. म्हणजे यादीत बसत असाल तर आधी कुठला भरायचा हे उघड आहे.

इंजिनिअरिंग, फार्मसीची बात मात्र निराळी. फी लाखाच्या घरात असेल तर 12,000 कडे बघूसुद्धा नका, ईबीसी घ्या, खिडकीसकट. मुलींना तर 2024-25 पासून, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी पूर्ण सवलत आहे. तिथे तुलनाच संपते.

खासगी फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्याही आहेत. रिलायन्स फाउंडेशन देशभरातल्या 5,000 पदवीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण अभ्यासक्रमात मिळून 2 लाखांपर्यंत देतं. ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. जरूर भरा, पण त्या भरवशावर खोलीचं डिपॉझिट देऊ नका.

कुठलाही अर्ज भरा, उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढा. तलाठ्याचा अहवाल, सेतू, तहसील हा प्रवास जूनमध्ये सगळा तालुका एकदम करतो. आणि पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात, तेव्हा बँकेत तेही विचारून घ्या. माझ्या एका मित्राची रक्कम शाळेत असताना काढलेल्या, पासबुक हरवलेल्या खात्यात जाऊन बसली होती. एनएसपीवर अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असंही नाही. कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्या नोडल सरांनी पडताळणी केली नाही तर तो तिथेच पडून राहतो. मुदत संपायच्या आठवडाभर आधी त्यांना गाठा, प्रिंट आणि मूळ कागद घेऊन.