निंजा ६५० चांगलीच आहे, मी घेतलेली सोडून

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. धंदाच मोजमापाचा. मिलिमीटरचा एक दशांश इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक माल परत धाडतं, त्यामुळे डायल गेज आणि मायक्रोमीटर कायम हाताशी असतात. असा माणूस ४ लाख ३५ हजारांची मोटारसायकल घ्यायला गेला आणि खिशातून साधी स्टीलपट्टीसुद्धा काढली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचताना कुणीतरी म्हणणारच, "एवढंही कळलं नाही व्हय?" नाही कळलं.

गाडी कावासाकी निंजा ६५०, २०१८ची, एमएच-०४ पासिंग. ही गाडी घ्यायची म्हणून दोन वर्षं मी नुसता ऐकत होतो. रविवारी सकाळी आंबोली नाहीतर पन्हाळ्याला जाणाऱ्या पोरांच्यात दोघातिघांकडे निंजा आहे. चहाच्या टपरीवर उभं राहून मी त्यांना पिडायचो आणि तेही कौतुकाने सांगायचे. ६४९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ६८ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास ताकद. पण आकड्यापेक्षा ती ताकद कुठे मिळते ते बघ म्हणायचे. सहाव्या गिअरात तीन हजार आरपीएमला असली तरी कुरकुर न करता ओढते, घाटात सारखा गिअर पाडावा लागत नाही. क्लच दोन बोटांत दबतो. दिसायला रेसची, पण हँडल उंच, त्यामुळे पुण्याला जाऊन आलं तरी कंबर धरत नाही. सीट ७९० मिलिमीटर, म्हणजे माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय टेकतात.

तक्रारीही ऐकल्या होत्या. पुढचे शॉकअप साधे, त्यात काही कमीजास्त करता येत नाही, खड्ड्यांतून जोरात गेलं की नाक खाली घालते. सायलेन्सरचा डबा पोटाखाली आणि जमिनीपासून जेमतेम १३० मिलिमीटर, त्यामुळे गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा. ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झाला की मांड्या भाजतात. कंपनीच्या सायलेन्सरचा आवाज म्हणजे शिलाई मशीन. होंडा सीबीआर ६५० वाले चार सिलिंडरच्या आवाजावरून आमच्यातल्या निंजावाल्यांना अजून चिडवतात. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, अगदी चिडवणाऱ्यांचंही: हे इंजिन मरत नाही. वेळेवर तेल बदला, बाकी काही बघू नका.

"बाकी काही बघू नका" हे शेवटचे शब्द माझ्या डोक्यात घट्ट बसले. घोळ तिथेच झाला. पोरं मॉडेलबद्दल बोलत होती आणि मी ते त्या एका गाडीबद्दल ऐकून घेतलं.

नवी घ्यायची तर रस्त्यावर येईपर्यंत आठ लाखांच्या वर जाते. तेवढं झेपणारं नव्हतं. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईकडच्या एका जुन्या गाड्यांच्या गाळ्याची जाहिरात दिसली. ९,४०० किलोमीटर, एकच मालक, हिरवी-काळी, मागणी ४ लाख ६० हजार. मालक म्हणे जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात, म्हणून चालली नाही. गोष्ट इतकी बेतशीर होती की शंकाच आली नाही. आता वाटतं, कमी चाललेली प्रत्येक जुनी गाडी एकतर जहाजावरच्या माणसाची असते नाहीतर डॉक्टरची.

गेलो. गाडी धुऊन-पुसून गाळ्याच्या तोंडाशी उभी केलेली. नवे टायर, नवी चेन, नवे ब्रेक पॅड. गाळेवाला म्हणाला, "दादा, सगळं नवीन टाकून दिलंय, तुम्हाला दोन वर्षं हात लावायला नको." मी खूश. आता कुणीही विचारावं, ९,४०० किलोमीटर चाललेल्या गाडीला नवी चेन कशाला लागते? नीट तेल दिलेली चेन याच्या दुपटीहून जास्त चालते. टायर एक वेळ जुने होऊन कडक झाले म्हणून बदलले असतील. पण टायर, चेन, पॅड तिन्ही एकदम? त्या दिवशी मात्र मला ती गाळेवाल्याची माया वाटली.

तेवढ्यात तिथे एक रायडर आला. जॅकेट, गुडघ्याला गार्ड, स्वतःची निंजा, मीटरवर ४५ हजारांच्या वर. हवा भरायला आलोय म्हणाला. माझ्याकडे बघून आपणहून बोलायला लागला. लेहला जाऊन आलो, इंजिन उघडलेलं नाही, आणि ही तर नुसती बसलेली गाडी आहे, "डोळे झाकून घ्या, सर." तपशील सगळे बरोबर होते, आमच्या टपरीवर ऐकलेलेच. म्हणून तर विश्वास बसला. दोन महिन्यांनी आमच्यातलाच एकजण दुसरी एक गाडी बघायला त्याच गाळ्यावर गेला, तेव्हाही हा पठ्ठ्या हवा भरायला आला होता.

कागद मी तपासले नाहीत असं नाही. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला. बँकेचा बोजा नाही, चलन नाही, मालक पहिलाच, विमा चालू. सगळं हिरवं. पण गाडी कधी ठोकली होती का, हे त्या ॲपवर कुठेच दिसत नाही. विमा चालू होता तो फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान भरून न देणारा. चार-साडेचार लाखांच्या गाडीला कोण फक्त थर्ड पार्टी ठेवतं? हा प्रश्न मला घरी आल्यावर बायकोने विचारला. ती बँकेत आहे. तिला सोबत न्यायला हवं होतं.

सौदा ४ लाख ३५ हजारांवर तुटला. २० हजार टोकन यूपीआयने, तेही कुठल्या तरी मोबाइल दुकानाच्या नावावर गेले. साडेतीन लाख आरटीजीएसने गाळ्याच्या खात्यात. उरलेले ६५ हजार रोख, कारण "बिल कमी दाखवलं तर तुमचाच फायदा". फायदा कसला, ते त्यालाही सांगता आलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाचशेच्या स्टँपपेपरवर "गाडी आहे त्या स्थितीत पाहून, चालवून घेतली" अशी ओळ होती. नाव बदलीच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या आधीच केलेल्या. नाव बदली त्याच्याच एजंटने तीन आठवड्यांत करून दिली. त्यामुळे मला उलट माणूस सच्चा वाटला.

एक्सप्रेसवेवर दुचाकी चालत नाही, म्हणून पनवेल, खोपोलीवरून जुन्या रस्त्याने खंडाळा चढलो. खोटं कशाला बोलू, तो प्रवास झकास झाला. खंबाटकीला गाडीने जी ओढ दिली त्यावर मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, धूळ. कराड ओलांडल्यावर मोकळा पट्टा मिळाला तेव्हा वेग शंभरच्या पुढे नेला (नेऊ नये, माहीत आहे) आणि हँडल हलायला लागलं. थरथर नव्हे, डोलणं. एखादं माणूस मान डोलवतं तसं. वाटलं रस्ता खराब, वाटलं वारा आहे. हात जरा सैल सोडले तर गाडी डावीकडे चालली. तेव्हा वाटलं, टायर नवे आहेत, बसतील. माणूस स्वतःला किती समजावू शकतो याला मर्यादा नाही.

आठवडाभराने आमच्या मिस्त्री मामांकडे नेली. मामा साठीचे. बुलेटपासून सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, बोलणं कमी. त्यांनी इंजिन सुरूच केलं नाही. पुढे उकिडवे बसले, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि बॅटरी मारून फ्रेमच्या मानेपाशी बघितलं. हँडल जिथे जाऊन अडतं तिथे लोखंडाचा एक अडसर असतो. डाव्या बाजूचा अडसर चेपलेला आणि वरून काळा रंग मारलेला. गाडी समोरून जोरात आदळली की हँडल फिरून तिथे आपटतं आणि तो ठसा राहतो, प्लास्टिक कितीही नवं टाका. मग म्हणाले, "टाकी काढ."

टाकी काढली. निंजाची फ्रेम पाइपांची, जाळीसारखी. कारखान्यातल्या वेल्डिंगची लय एकसारखी असते, नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखी. मानेजवळच्या दोन जोडांवर मात्र हाताने मारलेलं वेल्डिंग होतं. हे मला मामांनी सांगायची गरज नव्हती, माझ्या शेडमध्ये रोज तेच चालतं. टाकीला मोजकेच बोल्ट. गाळ्यावर पाच मिनिटं मागितली असती तर हे तिथेच दिसलं असतं, नाहीतर तो "नाही" म्हणाला असता आणि तेही पुरलं असतं. शॉकअपच्या नळ्या शॉपवर आणून व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवल्या, फिरवून गेज लावला. एक नळी सहा दशांश वाकलेली. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेलीच असते. मायक्रोमीटर लावला तर त्या आकड्यापासून जेमतेम एक दशांश वर. ९,४०० किलोमीटरमध्ये डिस्क एवढी खात नाही. पॅड नवे टाकता येतात, खाल्लेली डिस्क परत येत नाही.

मामा म्हणाले, "ही एक गाडी नव्हं. दोन गाड्या हाईत."

मग चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांच्या नोंदीत ऑक्टोबर २०२१मध्ये शेवटची सर्व्हिसिंग, ३१,८७० किलोमीटरला. त्यानंतर काही नाही. म्हणजे मीटर एकतर मागे फिरवला होता, नाहीतर दुसऱ्याच गाडीचा अख्खा मीटर आणून लावला होता. ही नोंद काढायला मला पंधरा मिनिटं लागली आणि एक रुपया लागला नाही. गाडी घेण्याआधीही तेवढंच लागलं असतं.

आरसीवरच्या पत्त्यावर मूळ मालकाला रजिस्टर पत्र पाठवलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण दहाव्या दिवशी फोन आला. माणूस जहाजावर वगैरे कुठे नव्हता, जन्मात गेला नव्हता. त्याचं पहिलं वाक्य होतं, "ती गाडी अजून चालते?" कसारा घाटात उभ्या ट्रकला मागून धडकला होता, पायात रॉड आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते. तसं धरून त्याला पैसे मिळाले, भंगार उचलणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. त्याला वाटलं, विषय संपला. त्या सह्या तीन वर्षं फिरत फिरत माझ्यापर्यंत आल्या.

पुढची हकिगत कंटाळवाणी आहे, थोडक्यात सांगतो. गाळेवाला आधी गोड बोलला, मग फोन उचलेनासा झाला, मग म्हणाला, मी फक्त मध्यस्थ, गाडी मालकाने विकली. कागदावर त्याचंच खरं होतं, गाळ्याचं नाव कुठेच नाही. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मी मागायला हवं होतं. त्याच्याकडे ते नव्हतं, आणि नसणं त्याच्या पथ्यावरच पडलं. पोलिसांत अर्ज दिला, तिथे दोन वेळा "हे दिवाणी आहे" ऐकलं. वकिलांच्या सल्ल्याने इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथे दाखल करता येते, नवी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हातात धरण्यासारखा पुरावा एकच, साडेतीन लाखांचं आरटीजीएस. टोकनचा स्क्रीनशॉट आहे, त्यावर वाद होईल. ६५ हजार रोख दिले हे मला, त्याला आणि देवाला ठाऊक.

ग्रुपवर एकाने विचारलं, मग काय, निंजा घेऊच नये का? घ्या की. टपरीवर पोरं बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता. फक्त जी घ्याल तिची टाकी काढून बघा, आणि आसपास कुणी हवा भरायला येतंय का तेही बघा.

माझी आता शेडच्या कोपऱ्यात घोडीवर उभी आहे, पुढचं चाक नाही, शॉकअप नाहीत. फ्रेम बदलायची तर गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्मे जातील, वर चासी नंबरचा आरटीओचा घोळ वेगळा. आयोगाची तारीख पडेपर्यंत तसंच ठेवायचं वकिलांनी सांगितलंय. बॅटरी मरू नये म्हणून दर रविवारी टाकी जोडून सुरू करतो. अर्ध्या सेल्फला सुरू होते.