०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा पॉकेट वजनकाटा, सात महिन्यांनंतर: खोटा डिनेरियस पकडतो, पण टेअर (भांड्यासकट शून्य करायचं बटण) दाबू नका

क्षमता २०० ग्रॅम, किंमत दहा पौंड, बाकी खोक्यावर वाचा. इंग्लंडच्या शेतांत मेटल डिटेक्टरवर निघणाऱ्या डिनेरियस या रोमन चांदीच्या नाण्यांतली मुलाम्याची (आत तांबं, वर चांदी) कोणती, एवढ्याच कामाला घेतला. डिटेक्टर हे सांगत नाही. चांदी आणि तांबं दोन्ही उत्तम वाहक. नाणं वाजवून बघायची आपली सवयही सोडा. इतकी वर्षं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते, फरशीवर आपटली तर तुकडे.

नुसतं वजनही फसवतं. रोमन सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये डिनेरियस ३.९ वरून ३.४ ग्रॅमच्या आसपास आणला, वर झीज वेगळी. म्हणून घनता काढायची. प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवून लटकवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढं वजन वाढेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. ३.२० भागिले ०.३१, म्हणजे १०.३: चांदी. २.९० भागिले ०.३२, म्हणजे ९.१: आत तांबं.

पहिले तीन महिने दोनच तारे दिले होते. तेच २.९० चं नाणं ०.२८ दाखवायचं, म्हणजे १०.४, खोटं चक्क पास! कारण नंतर कळलं: टेअर केल्यावर शून्याजवळचा सावकाश बदल हा काटा आपोआप गिळतो. आता पेल्याचं पाण्यासकट वजन, समजा ७४.१८, लिहून ठेवायचं आणि वजाबाकी करायची. आकडे जागेवर आले. चार तारे.

पाचवा मिळणार नाही. साठ सेकंदांत काटा बंद! दोरा हातात, पडदा काळा; पुन्हा चालू केला की पेल्यासकट वजनालाच शून्य धरतो. पेला उचला, सुरू करा, परत ठेवा. वैताग.

०.३२ चं ०.३१ झालं तरी ९.१ चं ९.४ होतं, तेव्हा पाचदा मोजून सरासरी घ्या. बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपासूनच्या नाण्यांना ही युक्ती लावूच नका: चांदी निम्म्यावर आल्याने अस्सल नाणंच ९.७ च्या आसपास येतं.

तिथे दहापट भिंग बरं. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा गुंडाळून तापवत; ७७९ अंशांना दोन धातूंची सीमा वितळून सांधा बसतो. पत्रा आधी फाटतो तो कडेला आणि चेहऱ्याच्या नाकाकानावर, तिथे हिरवे फोड शोधा. कड दातेरी म्हणजे नाणं अस्सल, यावर विसंबू नका, तसलीही मुलाम्याची सापडतात. साफ करायला चिंच-लिंबू अजिबात नको. आम्ल फटीतून तांबं खातं आणि पत्रा सुटतो.

सेल सात महिन्यांत एकदाच बदलले. साठ सेकंदांचा तेवढाच फायदा.