हार्डवेअर वॉलेट: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर, सांगलीहून

एक्सचेंजवर, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीकडे, पडून असलेलं बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात आणायचं, एवढ्याचसाठी मी हार्डवेअर वॉलेट घेतलं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हापासून हे डोक्यात होतं. पेनड्राइव्हएवढं यंत्र, दोन बटणं आणि छोटी स्क्रीन. पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, आणि ते त्या छोट्या स्क्रीनमुळे.

नवीन माणसाला वाटतं की नाणी त्या यंत्रात जाऊन बसतात. तसं नाही. नाणी ब्लॉकचेनवरच, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीतच असतात. यंत्रात असते ती खाजगी की, म्हणजे नाणी खर्च करण्याची गुप्त किल्ली. व्यवहारावर सही आतच होते, ही की बाहेर येत नाही. म्हणून लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तरी की चोरीला जात नाही. पण ज्यावर नाणी पाठवायची तो पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी लांब अक्षरमाला, बदलला जाऊ शकतो! कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. काही चोर तर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि तसाच शेवट असलेल्या पत्त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलला की रक्कम त्यांच्याकडे. म्हणून यादीतून पत्ता कधीच उचलू नका, आणि पहिली-शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून थांबूही नका.

आमच्या घरी पद्धत अशी पडली आहे: बायको यंत्राच्या स्क्रीनवरचा पत्ता चार-चार अक्षरं करून मोठ्याने वाचते, मी लॅपटॉपवर जुळवतो. बीसी-वन-क्यूने सुरू होणारा माझा बिटकॉइनचा पत्ता 42 अक्षरांचा आहे. त्या सुरुवातीपुढच्या भागात इंग्रजी बी, आय, ओ आणि एकचा आकडा मुद्दामच वापरत नाहीत, त्यामुळे शून्य की ओ असा घोळ होत नाही. मिनिटभराचं काम आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे नाणं चोरीला गेलं, तेव्हा सह्या करणाऱ्यांना संगणकावर दिसत होतं एक आणि सही होत होती दुसऱ्याच व्यवहारावर. इतक्या मोठ्या लोकांचं असं होतं, तर आपण मिनिटभर द्यायलाच हवा.

पैसे मागवताना यंत्रासोबतचं ॲप दर वेळी बिटकॉइनचा नवा पत्ता देतं. घाबरू नका, जुने पत्तेही तुमचेच राहतात आणि चालू राहतात.

खरी गडबड होते नेटवर्क, म्हणजे कोणत्या ब्लॉकचेनवरून पाठवायचं ते, निवडताना. यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी जोडलेलं नाणं, ट्रॉनवर पाठवता येतं, इथेरियमवर येतं, आणखीही नेटवर्क आहेत. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टीने सुरू होतो, तो लगेच ओळखू येतो. पण इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेनवर पत्ता एकच असतो, म्हणून चुकीच्या नेटवर्कवर पाठवलं तरी व्यवहार बिनबोभाट पार पडतो आणि शिल्लक मात्र दिसत नाही. स्वतःच्या वॉलेटमध्ये असं झालं तर ॲपमध्ये ते नेटवर्क जोडा, पैसे तिथेच असतात. एक्सचेंजच्या पत्त्यावर झालं तर त्यांच्या मनावर. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या मुलाने यापायी कित्येक आठवडे ईमेल लिहिण्यात घालवले. एक्सआरपी हे नाणं एक्सचेंजवर पाठवत असाल तर डेस्टिनेशन टॅगही, म्हणजे तिथलं तुमचं खातं ओळखणारा क्रमांक, लागतो, तो विसरू नका.

मोठी रक्कम हलवण्याआधी मी नेहमी थोडी पाठवतो. एक्सचेंजचं काढण्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी रकमेवर नसतं, दर वेळचं ठरलेलं असतं, त्यामुळे ते दोनदा जातं. जाऊ द्या. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी 10 मिनिटांनी येतो, कधी अर्धा तासही लागतो. पहिली चाचणी रक्कम यंत्रावर दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. पण लगेच उरलेलं पाठवलं नाही. यंत्र पूर्ण पुसलं, सुरुवातीला यंत्राने दिलेले, की परत मिळवून देणारे 24 शब्द घालून पुन्हा उभं केलं, शिल्लक दिसली, मगच मोठी रक्कम आणली. दोन बटणांनी शब्द घालणं फार कंटाळवाणं आहे, या यंत्राचा मला सर्वांत जास्त त्रास झाला तो इथेच. तरीही हे करा. शब्द बरोबर उतरवलेत याची खात्री त्यानेच मला पटली.

आता ते शब्द ठेवायचे कुठे? आम्ही सांगलीच्या गावभागातले. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट. तळमजल्यावरच्या कपाटात कागदांचा झालेला लगदा ज्याने उपसला आहे, तो शब्द नुसत्या कागदावर ठेवणार नाही. फोटो काढणं, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं तर नकोच. भांड्यांवर नाव घालून देणारे बाजारात आहेत, पण हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून स्टीलची पट्टी आणली आणि हार्डवेअरच्या दुकानातून इंग्रजी अक्षरांचा पंच सेट. शब्द 2048 च्या ठरलेल्या यादीतले असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो, म्हणून चारच अक्षरं ठोकली. पट्टीखाली जाड लोखंड घ्या. लाकडावर ठोकलं तर पट्टी वाकते, अक्षर उथळ उठतं. प्रत्येक शब्दाचा क्रमांकही ठोका, क्रम चुकला तर तुमचं वॉलेट उघडणार नाही. एक पट्टी आमच्याकडे माडीवर आहे, दुसरी साताऱ्याला बहिणीकडे, तिच्या लॉकरमध्ये.

कराचं थोडक्यात: 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण तारीख आणि व्यवहार क्रमांक वहीत टिपून ठेवा. सीए विचारतोच.

घेणार असाल तर थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. खोक्यात शब्द आधीच लिहिलेलं कार्ड निघालं तर ते यंत्र वापरू नका, ते शब्द चोराकडेही असतात. कंपनीचा माणूस म्हणून फोन करून कोणी 24 शब्द मागितले तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. आणि तुमच्याकडे दोन-तीन हजारांचंच बिटकॉइन असेल, तर एवढ्यात यंत्र घेऊ नका. मोबाइलमधल्या साध्या वॉलेटवर पाठवण्या-मागवण्याचा हात बसवा, रक्कम वाढली की मग घ्या.