वायफाय ६ राउटर, पावसाळ्यापासून आतापर्यंत: बँड, मोड, चॅनल यांचा अनुभव

राउटर एएक्स (म्हणजे वायफाय ६) १५०० वाला आहे, म्हणजे खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झला ३०० आणि ५ गिगाहर्ट्झला १२०१ एमबीपीएस लिहिलेलं असतं तो (२.४ आणि ५ हे दोन बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचे दोन पट्टे). गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, तेव्हापासून रोज चालू आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते सेटिंगबद्दल आहे आणि ही सेटिंग्ज जवळजवळ सगळ्याच राउटरमध्ये असतात, फक्त मेनूत जागा वेगळी. पहिलंच सांगते, मुंबईच्या दाटीवाटीच्या बिल्डिंगमध्ये सगळं ऑटोवर ठेवून बसू नका, आणि २.४ वर चॅनल (त्या पट्ट्यातली आपली गल्ली) रुंद करायचा मोह टाळा. त्याने आपलंही भलं होत नाही आणि शेजाऱ्यांचंही नाही.

आमचं घर दादर पश्चिमेला, जुनी बिल्डिंग, भिंती जाडजूड विटांच्या, हॉल मग स्वैपाकघर मग बेडरूम असं एकामागे एक, आणि मागे बंद केलेली गॅलरी जिथे मी ऑफिसच्या कॉलला बसते. प्लॅन २०० एमबीपीएसचा. स्पीड टेस्ट हॉलमध्ये केली की झकास यायची आणि तरी कॉलवर माझा आवाज तुटायचा, सासऱ्यांची मॅच मध्येच गोल गोल फिरत बसायची, त्यामुळे सगळे म्हणायचे प्लॅन वाढव. प्लॅनचा काही संबंध नव्हता. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर हे आसपासची नेटवर्क दाखवणारं अ‍ॅप टाकून बघितलं तर २.४ वर नुसती गर्दी, आमच्या मजल्याचे, वरचे, खालचे, समोरच्या बिल्डिंगचे, सगळे एकमेकांच्या अंगावर.

हे नीट समजून घ्या कारण इथेच खरी गोम आहे. २.४ चा अख्खा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात १ ते १३ चॅनल दिसतात पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एक चॅनल वापरतो २० मेगाहर्ट्झ, म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच उरतात, १, ६ आणि ११. आता गंमत अशी की बरेच जण बघतात १ वर गर्दी आहे, ६ वर गर्दी आहे, म्हणून मधला ३ किंवा ४ रिकामा दिसतो तो घेतात. तो रिकामा नसतो! एकाच चॅनलवर असलेले राउटर एकमेकांचं बोलणं ऐकू शकतात, म्हणून थांबतात, आपली पाळी आली की बोलतात. ३ वाल्याचं बोलणं १ वाल्याला आणि ६ वाल्याला नीट समजत नाही, दोघांसाठी तो फक्त गोंगाट. म्हणजे एकाने दोन चॅनल खराब केले. आणि ४० मेगाहर्ट्झ लावला तर जवळजवळ अर्धा पट्टा एकट्याने घेतला, सार्वजनिक जिन्यात कपाट आणून ठेवल्यासारखं ते. बऱ्याच राउटरमध्ये इथे ऑटो असतं, म्हणजे २० किंवा ४० तो ठरवणार. तिथे सरळ २० निवडा.

मी आमच्या मजल्यावर सगळ्यांशी बोलले. शेजारच्या काकूंकडे राउटर केबलवाल्या पोराने लावून दिलेला, पासवर्ड राउटरखालच्या स्टिकरवरचाच, तो आधी बदलायला लावला (वायफायचा आणि आतल्या लॉगिनचा, दोन्ही, हे वेगवेगळे असतात हो). मग त्यांना १, आम्हाला ६, टोकाच्या घराला ११, सगळीकडे २० मेगाहर्ट्झ. वरच्या मजल्यावरचे काका आधी म्हणाले माझं चांगलं चाललंय कशाला हात लावतेस, नंतर त्यांचं स्वतःचंच सीसीटीव्हीचं फुटेज अडकायला लागलं तेव्हा स्वतः खाली आले. ह्याला पैसे लागत नाहीत, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकायचं, लॉगिन करायचं, वायरलेस मध्ये जायचं, झालं. माझ्या मते सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या वेळेइतकंच ह्यावर बोलायला हवं, खरंच.

आता मोडबद्दल, म्हणजे राउटरने वायफायच्या कुठल्या जुन्या-नव्या पिढ्यांशी बोलायचं ते. २.४ ला बी/जी/एन मिक्स्ड असं असतं, नव्यात एएक्स पण जोडलेलं. बी म्हणजे १९९९ चं स्टँडर्ड, जास्तीत जास्त ११ एमबीपीएस. घरात तेवढं जुनं काही नसेल तर बी काढून टाका. कारण राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा घोषित करत असतो आणि बी चालू असेल तर ती घोषणा १ एमबीपीएसच्या मंद स्पीडने जाते, बी बंद केलं की बऱ्याच राउटरमध्ये ६ ने. प्रत्येक गेस्ट नेटवर्क स्वतःची वेगळी घोषणा करतं, म्हणून पाहुण्यांसाठी म्हणून चालू केलेलं आणि कोणी न वापरणारं गेस्ट नेटवर्क पण बंद करा. सिक्युरिटीत टीकेआयपी (सिग्नल गुप्त ठेवायची जुनी पद्धत) कुठे राहिलं असेल तर लगेच काढा, त्यावर एन चा स्पीड मिळतच नाही, ५४ वर अडकतो. त्याऐवजी डब्ल्यूपीए२ एईएस ही नंतरची पद्धत ठेवा. मी ५ ला डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स ठेवलंय पण २.४ ला फक्त डब्ल्यूपीए२, कारण गिझरचा स्मार्ट प्लग मिक्सवर जोडलाच जाईना.

एएक्स मुळे एक त्रास झाला तो सांगायलाच हवा. नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपला ५ चं नेटवर्क दिसायचंच नाही, नाव सुद्धा लिस्टमध्ये नाही. राउटर खराब नव्हता, लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वायफाय ६ येण्याआधीचा होता. ड्रायव्हर अपडेट केला, दिसायला लागलं. तुमच्याकडे असं झालं तर राउटर परत करायच्या आधी ५ चा मोड ए/एन/एसी करून, म्हणजे एएक्स बंद करून बघा, दिसलं तर दोष ड्रायव्हरचा.

आता ५ गिगाहर्ट्झ. भारतात २०१८ साली ह्यातला मोठा पट्टा लायसन्सशिवाय खुला झाला, ६०५ मेगाहर्ट्झ, त्यामुळे इथे जागाच जागा आहे आणि ८० मेगाहर्ट्झ बिनधास्त लावता येतो. माझा १४९ वर आहे. ३६ ते ४८ पण चालतील. मधले ५२ पासूनचे चॅनल डीएफएसवाले, रडारबरोबर वाटून घेतलेले, तिथे राउटर आधी निदान एक मिनिट ऐकत बसतो आणि रडार सापडलं तर चॅनल सोडून पळतो, तेवढ्यात तुमचा कॉल गेला. मुंबईत कुलाब्याचं हवामान खात्याचं रडार एस बँडचं (२ ते ४ गिगाहर्ट्झ) आहे पण वेरावलीचं सी बँडचं (४ ते ८ गिगाहर्ट्झ), आणि वायफायचा ५ चा पट्टा त्याच सी बँडमध्ये येतो. कॉलवर पोट असेल तर डीएफएस नकोच. १६० मेगाहर्ट्झ ज्यात आहे त्यांनी लक्षात ठेवा, तो लावला की डीएफएस चॅनल त्यात येतातच.

५ चा दोष माहीत असेलच, भिंत. हॉलमध्ये पूर्ण २००, बेडरूममध्ये ७०-८०, गॅलरीत कधी कधी नावच गायब. म्हणून स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँडना एकच नाव देणारी सोय) बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं दिली. एकच नाव असलं की कुठल्या बँडवर जायचं ते शेवटी फोन ठरवतो, आणि माझा फोन गॅलरीत ५ च्या मेलेल्या सिग्नलला चिकटून बसायचा. आता टीव्ही, लॅपटॉप ५ वर, प्लग आणि प्रिंटर २.४ वर. ज्यांचं घर एका खोलीचं किंवा सगळं मोकळं आहे त्यांनी एकच नाव ठेवलं तरी चालेल, उगाच वेगळं करू नका.

जागा बदलून सगळ्यात जास्त फरक पडला बहुतेक. आधी राउटर दारावरच्या फळीवर होता, मध्ये लोखंडी कपाट आणि मोरीच्या माळ्यावर पाण्याची भरलेली टाकी. लोखंड सिग्नल परतवतं, पाणी शोषतं. केबलवाल्याकडून वायर पुढे ओढून घेतली, राउटर हॉल आणि स्वैपाकघराच्या मधल्या दारावर आणला, तर बेडरूममध्ये सिग्नल उणे ७८ वरून उणे ६५ डीबीएम झाला (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो म्हणून त्याच्या शेजारी तर अजिबात नको, दूध गरम करताना २.४ वरचं सगळं अडखळायचं ते आम्ही बघितलंय.

राउटर स्वतः कसा आहे म्हणाल तर चांगला, मे महिन्याचा उकाडा अजून बघितलेला नाही पण ऑक्टोबरमध्ये गरम होऊन बंद पडला नाही. अ‍ॅप वाईट आहे, चॅनलची रुंदी अ‍ॅपमध्ये दिसतच नाही, ब्राउझरनेच जावं लागतं. आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर एकदा चॅनल परत ऑटोवर गेला होता, म्हणून आता सेटिंगचा बॅकअप फाईल म्हणून काढून ठेवलाय, सिस्टीम टूल्समध्ये बॅकअप अँड रिस्टोअर असतं तिथून.