फ्युएल पंप घरी येऊन ‘मॉडिफाय’ करून देणाऱ्यापासून सावध राहा

माझी गाडी 2011ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. आम्ही साताऱ्यात राहतो. गेल्या पावसाळ्यात सकाळी तीन-तीन, चार-चार वेळा सेल्फ मारावा लागायला लागला आणि चढावर गाडी ओढेना. नेहमीचे गॅरेजवाले काका म्हणाले, “टाकीतल्या पंपाची जाळी चोक झाली असेल, नाहीतर पंप कमजोर झाला असेल. आधी प्रेशर बघू.” पण त्यांच्याकडे आठवडाभर नंबर लागणार नव्हता. मला तेवढा धीर धरवला नाही.

मोबाइलवर एक जाहिरात दिसली, घरी येऊन फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप) मॉडिफाय करून देतो अशी. फोन केला तर माणूस तासाभरात हजर. बोलायला अगदी गोड. “साहेब, कंपनीची अख्खी असेंब्ली, म्हणजे डब्यासकट पूर्ण पंप घेतला तर नऊ-साडेनऊ हजार जातील. मी तुमच्या जुन्या डब्यातच ओरिजिनल मोटर बसवतो, 4,200मध्ये. प्रेशर कंपनीपेक्षा जास्त मिळेल, मग गाडी कशी पळते बघा.”

हे जास्त प्रेशरचं आमिषच खोटं होतं, पण ते मला फार उशिरा कळलं. आमच्यासारख्या गाड्यांमध्ये पंपाच्या डब्यातच रेग्युलेटर असतो आणि तो प्रेशर साधारण 3 बारवर (बार हे दाबाचं माप) धरून ठेवतो. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर त्याच हिशोबाने बनवलेले असतात. मोठी मोटर बसवली म्हणून गाडी जास्त पळत नाही.

काम आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये झालं. त्याने मागची सीट उचलली, झाकण उघडलं आणि पेट्रोल निथळणारा डबा बाहेर काढून फरशीवर ठेवला. जुनी मोटर “मेली आहे” हे दाखवायला त्याने तिच्या वायरी तिथेच थेट बॅटरीला लावल्या. चट्कन ठिणगी उडाली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून राहते, आणि माझा सात वर्षांचा मुलगा दोन हात अंतरावर उभा होता. ती ठिणगी आठवली की अजून पोटात गोळा येतो. मी त्याच क्षणी काम थांबवायला हवं होतं.

पैसे यूपीआयने घेतले, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर. बिल “व्हॉट्सॲपवर पाठवतो” म्हणाला. नव्या मोटरचा नामांकित कंपनीचा खोका मला दाखवला आणि परत पिशवीत टाकला. जुनी मोटर भंगारात देतो म्हणून तीही सोबत नेली.

तीन आठवडे गाडी बरी चालली. मागच्या सीटला पेट्रोलचा वास यायचा, टाकी फुल केली तरी काटा अर्ध्यावरच थांबायचा. मग एका रात्री पुण्याहून येताना खंबाटकी घाटात, चढावरच, गाडी बंद पडली. सोबत आई-वडील. मागून ट्रक येत होते. पंपाचा आवाज येत होता, पण इंजिन पेट घेईना. टोइंगच्या गाडीने घरी पोहोचायला पहाटेचे अडीच वाजले.

काकांनी दुसऱ्या दिवशी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. मोटरपासून निघणारा रबरी पाइप फुगून मऊ पडला होता आणि नळीवरून निसटला होता. त्यामुळे पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरत होतं. टाकीत बुडणारा पाइप आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पेट्रोल सहन करणारा लागतो. त्यावर ‘एसएई 30आर10’ असा शिक्का असतो. इंजिनजवळ वापरतात तो साधा पाइप बाहेरच्या अंगाने पेट्रोलमध्ये टिकत नाही, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते असल्या रबराला आणखी लवकर खातं. वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेपचा गोंद विरघळून तांबं उघडं पडलेलं. झाकणाची रबर रिंग न बदलता सिलिकॉन फासलं होतं, तेही पेट्रोलने सुटून आलं होतं. वास त्यातूनच यायचा. काट्याला पेट्रोलची पातळी कळवणाऱ्या फ्लोटची (तरंगणाऱ्या तुकड्याची) दांडी वाकलेली. ओरिजिनल म्हणून दिलेल्या मोटरवर कोरलेला एकही नंबर नव्हता, फक्त स्टिकर होतं. ते निघून जाळीला चिकटलं होतं.

आणि जाळी? जुनीच. गाळाने काळी पडलेली. मूळ दुखण्याला त्याने हातच लावला नव्हता. आधीची मोटर चांगली होती की खराब, हे आता कधीच कळणार नाही, कारण ती तो घेऊन गेला.

त्याचा फोन बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे यूपीआयची नोंद, चॅट आणि काढलेले पार्ट एवढंच आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या, म्हणजे आपण मोजलेल्या रकमेच्या, तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची असते. कागद गोळा करतोय, अर्ज करणार आहे. शेवटी अख्खी असेंब्ली घ्यावीच लागली, त्यात टोइंगचा खर्च वेगळा.

तुमच्याही गाडीत कुणी असं काम केलं असेल, तर टाकी फुल केल्यावर मागच्या सीटजवळ वास घेऊन बघा. पेट्रोलचा वास आला तर गाडी बंद पार्किंगमध्ये ठेवू नका आणि झाकण घरी उघडू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवा, डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून घरी आणा.